पाळणा पाथरीला निघाला

माझ्या थोरल्या भाच्याचा पाळणा त्याच्या बारशाच्या दिवशी स्वतःच्या पायांनी घराबाहेर गेला.

यात अतिशयोक्ती नाही. (माझ्या बाकीच्या बोलण्यात असते, इथे तिची गरजच पडली नाही.) पाळणा लोखंडी होता, त्याला चार पाय होते आणि ते पाय मी डिझाईन केले होते. चुडाव्याच्या आमच्या ओसरीवरून तो उतरला, अंगण ओलांडलं आणि रस्त्याला लागला. हे डोळ्यांनी पाहिलेलं निम्मं गाव अजून हयात आहे, आणि मी गावी गेलो की त्यातलं कुणी ना कुणी मला विचारतंच, "काय इंजिनेर, पाळना आला का परत?"

अक्का, म्हणजे माझी मोठी बहीण, पाथरीला दिलेली. तिथं मोठं घर, मोठं खटलं, आणि त्या सगळ्याच्या कर्त्या तिच्या सासूबाई. म्हणजे आमच्या विहीणबाई. मी त्यांना मामी म्हणायचो, तेही जरा लांबूनच. सण आला की आईला वाटायचं, आता पोरगी चार दिवस येईल. पोरगी यायची, नाही असं नाही; पण दुपारच्या एसटीनं आली की दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं परत. पिशवीतली साडी पिशवीतच राहायची. वडील गेल्यापासून आई चुडाव्यात एकटी होती आणि मी औरंगाबादला नोकरीला. आई एकटीच भाकरी थापायची, एकटीच खायची आणि एकटीच म्हणायची, "आज भाकर बरी झाली." हे तिनं मला कधी सांगितलं नाही. शेजारच्या बायकांनी सांगितलं, आणि त्यानंतर खाणावळीतली पोळी माझ्या घशाखाली नीट उतरली नाही.

म्हणून अक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा आई दहा वर्षांनी तरुण झाली. डिंक आला, खारीक-खोबरं आलं, घरात दिवसभर कुणीतरी बोलतंय असा आवाज आला. मुलगा झाला. आणि मुलगा जेमतेम आठवड्याचा असेल-नसेल, तोच आई न्हाणीत पाय घसरून पडली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला.

नातवाला बघायला मामी आल्या. त्यांनी नातू पाहिला, प्लास्टर पाहिलं आणि ओसरीवर मांडी घालून बसल्या.

"इनबाई, तुमचं मन मला कळतंय," त्या आईला म्हणाल्या. "पन एका हातानं तुमी काय काय करनार? बाळंतिनीचं बघनार का लेकराचं?"

"दुसरा हात हाय की!" आई म्हणाली.

"त्यो चुलीला लागंल. मंग पाळना कोन हलविनार? लेकरू लय रडकं हाय, बापावर गेलंय. बारसं झालं की दोघांलाबी घिऊन जाते मी."

बाराव्या दिवशी योग चांगला नव्हता, म्हणून बारसं महिनाभर पुढं गेलं होतं. म्हणजे तेवढाच महिना. अक्कानं बाळाचं दुपटं उगीच सोडलं आणि पुन्हा बांधलं. आई स्वयंपाकघरात गेली आणि आतून बराच वेळ एकाही भांड्याचा आवाज आला नाही. ते मला सहन झालं नाही. मी रजेवर आलेलो, उमेदीचा इंजिनिअर, आणि तोंड माझंच.

"मामी," मी म्हणालो, "पाळणा आपोआप हलला तर?"

"आपोआप म्हंजी?"

"यंत्रावर. कुणी हात लावायचं काम नाही."

"मंग ऱ्हाऊ दे की गुढीपाडव्यापर्यंत!" मामी म्हणाल्या. लहान मुलानं चंद्र मागितला तर आपण 'आणू हं' म्हणतो, तसं त्या म्हणाल्या. पण शब्द तो शब्द! आई दारात येऊन उभी राहिली होती. तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेला मी चंद्रसुद्धा आणून दिला असता. पाळणा त्यामानानं सोपा वाटला. (तो वाटला, एवढंच माझं म्हणणं आहे.)

आमच्या कारखान्याला परदेशी भागीदारानं एक भलामोठा संगणक दिला होता. त्याची खोली थंडगार. चपला बाहेर काढून आणि हात धुऊन आत जायचं. या संगणकात यंत्राचे भाग पडद्यावर काढायचे आणि मग ते एकमेकांना जोडायचे. जोडायचे म्हणजे कुठला भाग कुणाभोवती फिरणार, कुठला नुसता मागंपुढं सरकणार, कुठं थांबणार, हे त्याला नीट सांगायचं. पण सगळ्यात आधी एक भाग जागेवर पक्का करायचा. तो पक्का केला की त्याच्याशेजारी एक बारीकशी टाचणी उमटायची. तो भाग मग हलत नाही, आणि बाकीचे सगळे त्याच्या जिवावर हलतात. आमचे रत्नपारखी साहेब रोज सांगायचे, "पहिली टाचणी! नाहीतर एक ओढायला जाशील आणि सगळंच तुझ्यामागं वाहत येईल."

मी स्टँड काढला, टाचणी मारली. मग मोटर, मोटरच्या दांड्यावर फिरणारी पट्टी, पट्टीला जोडलेला लांब दांडा आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाला पाळणा. चार सांधे, चारी फिरते. मोटर गोल फिरणार आणि पाळणा झुलणार. जेवणाच्या सुट्टीत मी ते चालू केलं, आणि पडद्यावर पाळणा असा काही झुलायला लागला की मलाच झोप यायला लागली.

एकेक करून अख्खं ड्रॉइंग ऑफिस आत आलं. जिंतूरचे अकौंटंट तर डबा हातात घेऊनच आले.

"अहो, रिकामा पाळणा हलवू नये!" ते ओरडले. "आत काहीतरी टाका आधी!"

मी घाईघाईनं एक लांबट गोळा काढून पाळण्यात ठेवला.

"त्याला डोकं कुठंय?"

डोकं लावलं. टोपरं घाला, असं कुणीतरी म्हणालं. वाळेही काढायचे होते, पण तेवढ्यात रत्नपारखी साहेब आले आणि सगळे पांगले. मी बंद करायला हात पुढं केला, तर साहेब पडद्याकडं बघत हळूच म्हणाले, "राहू दे चालू."

मी हात मागं घेतला.

"माझी धाकटी आता रांगायला लागली म्हणे," ते म्हणाले. "हिंगोलीला आहेत सगळे. दिवाळीनंतर बघितली नाही मी."

आम्ही दोघं त्या थंड खोलीत अनवाणी उभं राहून तो पाळणा बघत होतो. मला चुडाव्याची ओसरी दिसत होती, साहेबांना हिंगोलीतलं काहीतरी दिसत असेल. मग साहेब खाकरले आणि कंपनीच्या कामाचं काय झालं, असं मोठ्यानं विचारून निघून गेले.

पाळणा प्रत्यक्ष बनवला पूर्ण्यातल्या बाबूमियाँ वेल्डरनं. ट्रकच्या वायपरची मोटर आणली, ट्रॅक्टरची बॅटरी आणली. चुडाव्यात लाईट असण्यापेक्षा नसायचीच जास्त, तेव्हा बॅटरीवर चालणारा पाळणा ही माझी खास हुशारी. वायर पायात येऊ नये म्हणून बॅटरी स्टँडच्याच खालच्या फळीवर ठेवली, ही दुसरी हुशारी. बटणही तिथंच, दांड्याच्या मागं. लहान मुलाचा हात लागू नये म्हणून. ही तिसरी. मी इतका हुशार त्याआधी कधी नव्हतो आणि नंतर तर नाहीच.

ड्रॉइंगमध्ये स्टँड जाड अँगलचा होता. बाबूमियाँनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"भैया, अम्मा का एक हाथ प्लास्टर में है बोले ना तुम? इत्ता वजन कैसा उठाएगी वो? पाइप का बनातूं मैं, हलका फुल!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आईची इतकी काळजी! मी म्हणालो, बनवा. एकानं प्रेमानं वजन कमी केलं, दुसऱ्यानं प्रेमानं मान डोलावली. यंत्रशास्त्राचं जे नुकसान प्रेमानं झालंय ना, ते अडाणीपणानं झालेलं नाही.

आता राहिली टाचणी. स्टँडचे पाय बोल्टनं फरशीत पक्के करायचे होते. मी ड्रिल मशीन घेऊन ओसरीवर बसलो, तर आई समोर येऊन उभी.

"काय करायलास?"

"भोकं पाडतोय. बोल्ट बसवायचेत."

"माझ्या डोक्यात पाड भोक. ह्या फरशीला न्हाई."

ती शहाबादी फरशी वडिलांनी स्वतः बसवली होती. गवंडी चार दिवस आला नाही म्हणून वडील चिडून स्वतःच उकिडवे बसले, दोरी लावली आणि आठवडाभर खपले. एकही फरशी समपातळीत नाही. पाणी टाकलं की ते आधी घरात येतं, विचार करतं आणि मग अंगणाकडं जातं. मी ड्रिल हातात धरून तिथं बसलो होतो, आणि वडील कुठं बसले असतील, कुठल्या हातात दोरी असेल, ते मला दिसायला लागलं. मग मी ड्रिल पिशवीत घातलं.

"आन पाळना हालला तर?" अक्कानं विचारलं.

"पाळणा हलायलाच आहे. स्टँड हलणार नाही. संगणकात टाचणी मारलीये मी त्याला."

(हे वाक्य मी पूर्ण शुद्धीत, दोन साक्षीदारांसमोर बोललेलो आहे.)

बारशाच्या दिवशी मामी जीप करून आल्या. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस, एसटी कधी बंद होईल याचा नेम नव्हता. जीपचं तोंड त्यांनी आल्या आल्याच पाथरीकडं करून ठेवायला सांगितलं. ते मी पाहिलं, अक्कानं पाहिलं, आणि आईनंही पाहिलं. अक्काची ट्रंक भरून दाराशी ठेवलेली होती. घुगऱ्यांचं मोठं पातेलं ओसरीच्या कडेला, गावातल्या बायका दाटीवाटीनं बसलेल्या, टेपरेकॉर्डरवर सनई, आणि मध्ये माझा पाळणा, झेंडूची माळ घातलेला. बायका त्याच्याकडं बघून एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या.

रीतीप्रमाणं आधी वरवंट्याचा मान. वरवंट्याला तेल लावलं, झबलं-टोपरं घातलं. बायकांनी तो पाळण्याखालून दिला, वरून घेतला आणि आत ठेवला. बाळ अक्काच्या मांडीवर झोपलेलं. मी खाली वाकून बटण दाबलं.

पाळणा झुलला! मागं, पुढं, मागं, पुढं. अगदी पडद्यावर झुलला होता तसा. बायकांच्या तोंडून 'अगं बया' निघालं. मामी पुढं आल्या, कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं हाय की रे!"

'बरं हाय'! मामींच्या तोंडून! अक्कानं मान वर केली. आईनं प्लास्टरचा हात छातीशी धरला होता. पाडवा आमच्या ओसरीच्या पायरीपर्यंत आला होता. या क्षणी कुठलाही शहाणा माणूस गप्प बसला असता.

"मामी, हे तर काहीच नाही," मी म्हणालो. "बाळ जास्त रडलं तर दुसरा वेगपण आहे!"

आणि मी दुसरा वेग टाकला.

ट्रकचा वायपर मुसळधार पावसासाठी केलेला असतो. पाळणा जोरात गेला, जोरात आला. आतला वरवंटा त्याच्याहून जोरात गेला आणि आला. स्टँडचा एक पाय उचलला. खट्. मग दुसरा. खट्. आणि बाबूमियाँचा हलकाफुल स्टँड वडिलांच्या उतरत्या फरशीवर चालायला लागला.

"दिनू," मामी एक पाऊल मागं सरकून म्हणाल्या, "ह्यो माझ्याकडं यायलाय."

"नाही मामी, जरा सेटिंग होतंय त्याचं."

मामी डावीकडं सरकल्या. फरशीचा चढ-उतार असा की पाळणाही डावीकडं वळला. मामी उजवीकडं गेल्या, पाळणा उजवीकडं.

"अरे, ह्यो माझ्याच मागं कामून लागलाय? मी काय केलं त्याला?"

बायका हसायला लागल्या आणि उठून भिंतीला चिकटल्या. मी बटणाकडं हात घातला, दांडा मागून आला आणि माझ्या बोटांवर बसला. पुन्हा घातला, पुन्हा बसला. (लहान मुलाचा हात लागू नये ही व्यवस्था अतिशय यशस्वी होती.)

"मेन बंद करा! मेन!" कुणीतरी ओरडलं. शेजारच्या काकूंनी पळत जाऊन मेन स्विच खाली ओढला. सनई बंद पडली. सगळे पाळण्याकडं बघत राहिले. पाळण्याला सनईशी काही देणंघेणं नव्हतं. त्या शांततेत तो खट्, खट्, खट् करत ओसरीच्या कडेपर्यंत गेला आणि आमच्याकडं न बघता पायरी उतरला.

उतरताना जो दणका बसला, त्यानं झबलं-टोपऱ्यातला वरवंटा वर उडाला, गर्रकन फिरला आणि घुगऱ्यांच्या पातेल्यात पडला. बायकांच्या अंगावर घुगऱ्यांचा पाऊस! मागं बसलेल्या सरूआजींना फारसं दिसत नव्हतं; त्यांना नुसतं टोपरं दिसलं.

"माय गं! लेकरू उडालं! लेकरू घुगऱ्यात पडलं!"

एकच गलका झाला. ज्या बायकांनी स्वतःच्या हातानं वरवंटा पाळण्यात ठेवला होता, त्याही रडायला लागल्या. अक्का ओरडत होती, "लेकरू माझ्यापाशी हाय! बगा, हे काय, माझ्यापाशी हाय!" आणि बाळ या सगळ्यात स्वस्थ झोपलेलं. रडकं म्हणून ज्याच्यावर खटला चालला होता, ते एकदाही रडलं नाही!

पाळणा आता अंगणातून रस्त्याकडं निघाला होता. झेंडूची माळ गळ्यात, मागून मी, माझ्यामागून गाव. जीपचा ड्रायव्हर घुगऱ्या खात उभा होता. त्यानं आधी पाळणा पाहिला, मग मला.

"पाळना आधीच पाथरीला निघाला की हो!" तो म्हणाला.

आणि तेव्हाच मामींच्या लक्षात आलं. "रिकामा हलायलाय!" त्या किंचाळल्या. "नातवाचा पाळना रिकामा हलायलाय! अरे धरा की मेल्यांनो!"

कुणी धरेना, म्हणून त्याच धावल्या. नऊवारीचा ओचा खोचलेला, हातातल्या बांगड्या वर सारलेल्या; मामी धावताना मी पहिल्यांदा पाहिल्या आणि बहुधा पाथरीनंही कधी पाहिल्या नसतील. जीपला धडकायच्या आत त्यांनी पाळण्याला गाठलं आणि कसलाही विचार न करता स्टँडच्या खालच्या दांडीवर जाऊन बसल्या.

खटखट थांबली. स्टँड तसूभर हलेना. आणि वर पाळणा काय सुंदर झुलायला लागला! संगणकात जे काम एका टाचणीनं झालं होतं, ते इथं मामींनी बसून केलं. डिझाईन चुकीचं नव्हतंच. फक्त विहीणबाई हा भाग त्यात घ्यायचा राहिला होता.

"बघत काय बसलास! बंद कर त्याला!"

या वेळी बटण सापडलं. पाळणा थांबला. मी मान खाली घालून उभा राहिलो, कारण आता काय होणार ते सगळ्यांनाच माहीत होतं. ट्रंक दाराशी होती, जीपचं तोंड पाथरीकडं होतं. आई ओसरीवरच खांबाला टेकून उभी होती. ती पुढं आलीच नाही.

मामी उठायला गेल्या आणि तशाच खाली बसल्या.

"माय माय माय! कंबर गेली!"

चौघींनी धरून त्यांना ओसरीवरच्या खाटेवर आणलं. डॉक्टर आले, कंबर दाबून पाहिली, मोडलं काही नाही म्हणाले, पण जीपचा प्रवास सध्या नको. पाथरीच्या रस्त्याला त्या काळात खड्डे होते असं म्हणणं चूक ठरेल. खड्ड्यांमध्ये अधूनमधून रस्ता होता. मामी राहणार, म्हणजे सुनेनं राहायलाच पाहिजे. जीप रिकामी परत गेली. अक्कानं ट्रंक आत नेली आणि पहिल्यांदा आपल्या साड्या कपाटात लावल्या.

पाळणा गोठ्यात गेला. आढ्याला जुन्या साडीची झोळी बांधली, तिची दोरी मामींच्या खाटेशी आणली. मामी पडल्या पडल्या पायाच्या अंगठ्यानं दोरी ओढायच्या आणि बाळ झोपायचं.

मी औरंगाबादला परतलो. जमेल त्या रविवारी जायचो. मामींची कंबर काही बरी होईना. संक्रांत झाली, हुरडा झाला, कंबर तशीच. आई डाव्या हातानं त्यांना तेल लावून द्यायची, त्या आईला बसल्या बसल्या भाजी निवडून द्यायच्या. मला अपराध्यासारखं व्हायचं. बाईची कंबर कायमची घालवली आपण!

एका रविवारी मी न कळवता गेलो. आई आणि अक्का मळ्याकडं गेल्या होत्या. मी परसदारानं आत शिरलो, तर मामी शेवग्याखाली उभ्या. बाळ कडेवर, पदर खोचलेला. त्या वाकल्या, पडलेली शेंग उचलली, सरळ झाल्या, पुन्हा वाकल्या आणि बाळाला घेऊन चक्क एक गिरकी घेतली.

"मामी! कंबर?"

त्या जागच्या जागी थिजल्या. हात सवयीनं कमरेकडं गेला, अर्ध्या वाटेवर थांबला आणि खाली आला.

"बस हितं," त्या म्हणाल्या.

मी शेजारी दगडावर बसलो. त्या बराच वेळ बाळाचं टोपरं नीट करत राहिल्या.

"मला माहेर न्हाई, दिनू. मला कळायच्या आधी माय गेली. भाऊ न्हाई, भन न्हाई. लगीन हून पाथरीला आले ती आले. लेकरं झाली ती बी तिथंच. हितं तुझी माय सकाळी च्या घिऊन येती आन म्हनती, उठू नका इनबाई, ऱ्हावा पडून. मला आजवर कुनीच उठू नको म्हनलं न्हवतं रे."

मी खाली पडलेल्या दोन शेंगा उचलून त्यांच्या पदरात टाकल्या.

"शकूला सांगू नको," त्या म्हणाल्या. "तिला वाटंल, सासू लय नाटकी हाय."

संध्याकाळी अक्का मला स्टेशनच्या वाटेपर्यंत सोडायला आली. मी शब्द दिला होता, पण पोटात मावेना. मी नुसतं म्हणालो, "मामींची कंबर..."

"गप," अक्का म्हणाली. "लय दिवसापासून माहीत हाय आमाला. आई ओसरीवर जायच्या आधी कामून खोकती, वाटलं तुला? त्यायला खाटंवर जायाला टाईम मिळावा म्हून."

आणि ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मी गाडीत बसलो. चुडाव्याचे दिवे मागं पडले आणि मला उतरून परत धावत जावंसं वाटत होतं.

आई आता नाही. मामीही नाहीत. चुडाव्याच्या घराला कुलूप असतं. त्या हिवाळ्यात आमच्या ओसरीवर तीन बायका आणि एक बाळ होतं. आई खोटं खोकत होती, मामी खोट्या कण्हत होत्या, अक्का खरी हसत होती, आणि मी त्या वेळी थंड खोलीत बसून पडद्यावर भलतेच भाग एकमेकांना जोडत होतो. मला ते दिवस परत हवे असतात. गंमत म्हणजे त्यातले बहुतेक दिवस मी पाहिलेलेच नाहीत. ऐकलेल्या दिवसांचीसुद्धा इतकी आठवण येते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी जीप आली. अक्का रडली, आई रडली, पण सगळ्यांत जास्त रडल्या मामी. आईच्या गळ्यात पडून रडल्या, खांबाला धरून रडल्या. गावातल्या बायकांना कळेना, सासरी नेमकं कोण चाललंय! जीपमध्ये बसल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. मी काच धरून वाकलो.

"पुढच्या येळंलाबी काहीतरी बनिव," त्या कानात म्हणाल्या. "म्हंजी मला यायाला कारन ऱ्हाईल. पन चालू हुईल असलं बनवू नको."

अक्काचं दुसरं बाळंतपण आलं तेव्हा मी दुपटी वाळवायचं यंत्र बनवलं. एक पंखा, एक फिरती दांडी आणि बरेचसे सांधे. मामी जीपमधून उतरल्या, तडक यंत्रापाशी गेल्या आणि बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं, दुपट्याचा काठसुद्धा हलला नाही. गिऱ्हाइकानं सांगितलं तंतोतंत तसंच निघालेलं माझं हे आयुष्यातलं एकमेव डिझाईन. (खरं तर मी ते चालावं म्हणून महिनाभर धडपडलो होतो, पण हे मी मामींना कधी कळू दिलं नाही.) मामींनी समाधानानं मान डोलावली, कमरेला हात लावला आणि "अगं माय माय!" करत खाटेवर जाऊन पडल्या.